पेशंटपाशी कोण आहे? : परळच्या रुग्णालयांभोवतीचा आसरा

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांचा इतिहास बहुधा देणगीदार, डॉक्टर आणि इमारती यांच्या अंगाने लिहिला जातो. खाटेवरच्या रुग्णाला त्यात थोडीफार जागा मिळते, परंतु खाटेखाली चटई अंथरून झोपणारी आई, जिन्यावर रात्र काढणारा बाप आणि गावाकडे आजीच्या हवाली केलेली भावंडे या इतिहासात सहसा दिसत नाहीत. रुग्ण लहान मूल असेल तर ही उणीव अधिक जाणवते, कारण मूल एकटे दाखल होत नाही. त्याच्याबरोबर घरातील किमान एक माणूस दाखल होतो आणि उरलेले घर विस्कटते. केईएम, वाडिया आणि टाटा ही तीन मोठी रुग्णालये परळमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत, आणि गेल्या शतकात त्यांच्या भोवती अशा विस्कटलेल्या घरांना सावरणारी एक व्यवस्था हळूहळू घडत गेली. ती घडवण्यात रुग्णालयांचा वाटा सुरुवातीला फार थोडा होता. शेजार, जात, गाव, गिरणी आणि एक कीर्तनकार संत यांनी तिचा पाया घातला, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय आजच्या संस्थांचे स्वरूप नीट उलगडत नाही.

रुग्णालय येण्यापूर्वी मुलाचा आजार हा घराचा आणि आळीचा विषय होता. देवी, म्हणजे ज्या रोगाला पुढे वैद्यक 'स्मॉलपॉक्स' म्हणून ओळखू लागले तो रोग, अंगावर आला की घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला जाई, स्वयंपाकात फोडणी दिली जात नसे, आणि मूल ज्या खोलीत असेल तिथे सोवळे पाळले जाई. या आचारांमागे शीतलादेवीचा कोप टाळण्याची भावना होती. माहीमचे शीतलादेवीचे देऊळ आजही त्या भावनेची साक्ष देते. पण या आचारांची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती. दारावरचा डहाळा हा शेजाऱ्यांसाठी निरोप असे. त्या घरी आता चूल नीट पेटणार नाही, पाणी भरायला कोणी उरणार नाही, धाकट्या मुलांना दुसरीकडे नेले पाहिजे, हे कोणी न सांगता कळे, आणि मदत न मागता येई. आजारी मुलाच्या आईला मदत मागावी लागू नये, हा त्या जुन्या रिवाजातील सर्वांत शहाणा भाग होता, आणि रुग्णालयाच्या फाटकाशी तो नेमका हरवला.

रुग्णालयाविषयीची भीती १८९६ च्या प्लेगमध्ये उघडी पडली. रोग्याला घरातून उचलून वेगळे ठेवण्याचे धोरण सरकारने अवलंबिले, तेव्हा लोकांना रोगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, धास्ती वाटली ती आपले माणूस डोळ्यांआड मरण्याची. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला तो या धास्तीतूनच. त्यानंतर वेगवेगळ्या जातींना आणि समाजांना आपापली प्लेग रुग्णालये उघडू देण्यात आली आणि तिथे नातेवाइकांना रोग्याजवळ राहता येऊ लागले. ही सवलत राजकीय तडजोडीपोटी दिली गेली असली, तरी आपल्याकडील रुग्णालयात 'सोबत' ही गोष्ट मान्य झाली ती याच काळात, असे म्हणता येते. पुण्याकडे त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ही घटना त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्यात एक साधा व्यवहारही आहे: मूल दवाखान्यापर्यंत पोचवणारे कोणीतरी लागते, आणि ते कोणीतरी नेहमी घरातलेच असते असे नाही.

परळच्या रुग्णालयांचा उदय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील आहे. १९२६ मध्ये केईएम आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले आणि डिसेंबर १९२९ मध्ये खास मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उघडले. सर नेस आणि सर कुसरो या गिरणीमालक बंधूंनी वडिलांच्या नावाने प्रसूतिगृह आणि आईच्या नावाने बालरुग्णालय उभारले, आणि ते उभारले ज्यांच्या श्रमावर त्यांच्या गिरण्या चालत होत्या त्या कामगारांच्या वस्तीत. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या जेरबाईंचे नाव या बालरुग्णालयाला आहे त्या पारशी समाजातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. लालबागची नवरोज बाग ही त्याच कार्याची खूण. म्हणजे निवारा आणि उपचार या दोन्ही गरजा एकाच घराण्याने ओळखल्या होत्या, फक्त ते दोन धर्मादाय वेगवेगळ्या वाटांनी गेले: घरे समाजापुरती राहिली आणि रुग्णालय सर्वांना खुले झाले. आजारी मुलाच्या परगावच्या आईबापांना निवारा लागतो, हा विचार या दोन वाटांच्या मधोमध कुठेतरी पडून राहिला.

या ठिकाणी इंग्लंडशी तुलना केल्यास मुंबईचे वेगळेपण स्पष्ट होते. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे बालरुग्णालय १८५२ मध्ये निघाले, परंतु पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील बहुतेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला भेटण्याची मुभा आठवड्यातून एखाद-दोन तासच मिळे. आई आली की मूल रडते, त्यापेक्षा ती न आलेली बरी, असा परिचारिकांचा युक्तिवाद असे. न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासून आपल्या छोट्या बालरुग्णालयात आयांना मुलांजवळ ठेवले, तो अपवाद होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला, त्यात मुलीचे हळूहळू गप्प होत जाणे पडद्यावर दिसले, आणि शांत मूल म्हणजे रुळलेले मूल ही समजूत ढासळली. १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मोकळी भेट आणि आईला मुक्काम यांची शिफारस केली, तरी ती अमलात आणवण्यासाठी १९६१ मध्ये आयांना संघटना काढावी लागली. तेथील सारा लढा आईला आत घेण्याचा होता. मुंबईत आई आतच होती; तिला आत ठेवून तिचे काय करायचे, हे मात्र कोणी ठरवलेले नव्हते.

ती आत राहिली याचे श्रेय ममतेच्या तत्त्वज्ञानापेक्षा मनुष्यबळाच्या तुटवड्याला अधिक जाते. १९४६ च्या भोर समितीने, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या समितीने, संपूर्ण देशात सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका पडत असल्याचे नोंदवले. त्याच अहवालानुसार देशातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे होते. अशा परिस्थितीत सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात मुलाचे अंग पुसणे, त्याला भरवणे, सलाइनची बाटली संपत आली की सिस्टरना हाक मारणे, तपासणीचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे आणि बाहेरून औषध आणणे ही कामे नातेवाइकांकडे गेली आणि तिथेच राहिली. वॉर्डाच्या बोलीत याला 'पेशंटपाशी असणे' म्हणतात. दिवसा पास दाखवून एकजण वर जातो, दुसरा खाली थांबतो, दुपारी डबा येतो, रात्रीची पाळी बदलते. आणि डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी 'पेशंटपाशी कोण आहे?' हा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती व्यवस्थेने गृहीत धरलेली, पण कुठल्याही हजेरीपटावर नसलेली कर्मचारीच असते.

मुंबईत घर असलेल्या कुटुंबाला ही कसरत जमत असे. डबा ही त्यातील मुख्य सोय होती, आणि तिचे नियम ठरलेले होते: आजारी मुलाच्या घरी डबा शेजारणींनी वाटून घ्यायचा, मुलासाठी मऊ भात किंवा पेज आणि आईसाठी भाजीभाकरी वेगळी बांधायची, आणि डबा परत देताना तो रिकामा धुऊन आला तरी चालेल, एरवीप्रमाणे त्यात काही घालून पाठवण्याचा शिष्टाचार या काळापुरता माफ असायचा. कोकण आणि घाटावरून आलेल्यांसाठी गिरणगावात आणखी एक आधार होता. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांनी चाळींत भाड्याने घेतलेल्या खोल्या असत. एकटे कामगार तिथे पाळीपाळीने झोपत, खोलीत प्रत्येकाची एक ट्रंक आणि दोरीवर कपडे एवढेच सामान, आणि जेवण खाणावळीत. गावातील मूल परळला दाखल झाले की त्याच्या बापाची पथारी त्याच खोलीत पडे, बाई असेल तर एखाद्या बिऱ्हाडात सोय होई, मंडळ वर्गणी काढी, आणि रक्त लागले तर खोलीतले चारजण पाळी सुटल्यावर रांगेत उभे राहत. ही व्यवस्था जातीने आणि गावकीने बांधलेली असल्यामुळे तिच्याबाहेरच्या माणसाला तिचा उपयोग नव्हता, हा तिचा दोष नजरेआड करता येत नाही. ज्याच्या गावाची खोली नव्हती, किंवा ज्याला खोलीत घेतले जात नव्हते, त्याच्या वाट्याला फुटपाथच होता.

हा फुटपाथ गाडगे महाराजांनी पाहिला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणाऱ्या या संताने आयुष्याच्या उत्तरार्धात भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली, आणि ती यात्रेकरूंसाठी नव्हती, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती. धर्मशाळा म्हणजे वाटसरूला विनामूल्य किंवा नाममात्र मोबदल्यात उतरू देणारी वास्तू. तिची कल्पना शतकानुशतके तीर्थाला बांधलेली होती. रुग्णालयाला तीर्थाच्या जागी ठेवणे ही या बांधकामातील खरी क्रांती होती, आणि ती कुठल्याही समितीला नव्हे, तर एका निरक्षर कीर्तनकाराला सुचली याचे आश्चर्य वाटायला नको, कारण रात्री उघड्यावर झोपणे म्हणजे काय हे त्या समित्यांतील सदस्यांपेक्षा त्याला अधिक ठाऊक होते. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांच्या दृष्टीने आसऱ्याला जात विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, त्यामुळे गावकीच्या खोलीतील उणीव येथे आपोआप भरून निघाली.

त्याच परिसरात, जवळजवळ त्याच काळात, दुसरीही एक सुरुवात झाली. नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याची शाळा निघाली, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. रोग्याच्या घरची स्थिती जाणून घेणे, औषधांचा खर्च कोणत्या धर्मादाय निधीतून भागेल हे पाहणे, आणि उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांना परत आणणे हे या पदाचे काम. मोठ्या रुग्णालयांतील 'पुअर बॉक्स' नावाचा निधी, म्हणजे देणग्यांतून गरीब रुग्णांसाठी राखलेला पैसा, याच टेबलावरून वाटला जाऊ लागला. आईबापांनी स्वतः संस्था उभारण्याचे ठळक उदाहरणही याच दशकातले: मुलीला पोलिओ झाल्यानंतर तिच्या उपचारांसाठी मद्रासपर्यंत गेलेल्या फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था सुरू केली आणि तिच्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले.

पुढचा बदल औषधांनी घडवला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांचे टाटा मेमोरियल रुग्णालय परळला उघडले तेव्हा रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. अशा मुलाच्या कुटुंबाला मुक्कामाची गरज थोडक्यात संपत असे, हे कटू असले तरी खरे आहे. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी औषधाने हा रोग तात्पुरता मागे हटतो हे दाखवले, त्यानंतरच्या तीन दशकांत अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धती ठरत गेल्या, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास टाटा रुग्णालयाने अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने 'एमसीपी ८४१' नावाची उपचारपद्धती हाती घेतली. पाचांतील एखादे मूल वाचत असे ते प्रमाण तिच्यामुळे निम्म्याच्या आसपास आले. पण हे उपचार सुमारे दोन वर्षे चालत, पहिले काही महिने तर रुग्णालयाजवळच राहणे भाग असे. आजार लांबला तो मूल जगू लागले म्हणून, आणि मूल जगू लागले तेव्हाच कुटुंबाने राहायचे कुठे हा प्रश्न उग्र झाला.

नेमक्या याच वेळी जुना आधार कोसळत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि गावकीच्या खोल्या, खाणावळी व वर्गण्या यांचे जाळे विरत गेले. दरम्यान परळला येणारी मुले आता केवळ रत्नागिरी-साताऱ्याची नव्हती. ती बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून येत होती आणि त्यांच्या गावची खोली गिरणगावात कधीच नव्हती. डॉ. ई. बोर्जेस मार्ग आणि जेरबाई वाडिया मार्ग या दोन रस्त्यांच्या कडेला निळ्या ताडपत्र्या, रॉकेलचे स्टोव्ह आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली रुग्णालयाची फाइल हे दृश्य कायमचे झाले. या दृश्यात केवळ हाल नव्हते, वैद्यकीय धोका होता. कर्करोगाची औषधे रोगपेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही घटवतात. त्या घटलेल्या दिवसांत साधा जंतुसंसर्ग मुलाला पुरेसा ठरतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत औषध लागू पडूनही अनेक मुले संसर्गानेच दगावली. दुसरा धोका उपचार अर्धवट सोडण्याचा: मजुरी बुडालेली, गावाकडे दुसरी मुले, जवळचे पैसे संपलेले, आणि मूल तर आता बरे दिसते आहे, अशा वेळी बाप परतीचे तिकीट काढतो. वॉर्डातल्या डॉक्टरला त्याचा राग येतो, पण बापाचा हिशेब चुकीचा नसतो. त्यात फक्त रोग परत येण्याची शक्यता धरलेली नसते.

म्हणून पुढच्या काळातील निवाऱ्यांना उपचाराचा भाग मानावे लागते. गाडगे महाराजांच्या नावाने दादरला १९८० च्या दशकात उभी राहिलेली धर्मशाळा प्रामुख्याने टाटा रुग्णालयाच्या रुग्णांसाठी चालते. परळलाच १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, तर वांद्र्यात टाटा रुग्णालयाचे मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या स्मरणार्थ बाहेरगावच्या रुग्णांसाठी निवास उभारला गेला. केवळ मुले आणि त्यांचे आईवडील एवढ्यांसाठीच असलेली सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे २००६ पासूनची आहेत. त्यांची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कुटुंबाला झोपण्याची वेगळी जागा आणि कुलूप लावता येणारे कपाट मिळते; स्वयंपाकघर सामाईक, पण त्यात प्रत्येक आईची शेगडी स्वतंत्र, आणि शिजवलेले ताट न देता तांदूळ, डाळ, तेल असा कोरडा शिधा आठवड्याच्या हिशेबाने दिला जातो. यामुळे खर्च वाचतो आणि स्वच्छता राखता येते, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की औषधांनी तोंडाची चव गेलेल्या मुलाला त्याच्या गावचे जेवण त्याच्या आईच्या हातचे मिळते. डब्याच्या जुन्या रिवाजाला जे कळले होते ते येथे नव्या इमारतीत परत आले आहे.

रक्ताचा प्रश्न असाच नव्याने सोडवावा लागला. किमोथेरपीनंतर मुलाच्या रक्तातील बिंबिका, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी, वारंवार द्याव्या लागतात आणि पिशवीतील बिंबिका जेमतेम पाच दिवस टिकतात. खोलीतल्या चार गावकऱ्यांऐवजी परप्रांतातल्या एकट्या बापाने दर आठवड्याला दाता कोठून आणायचा? पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून अमलात आल्यावर ही जबाबदारी महाविद्यालयीन विद्यार्थी, सार्वजनिक मंडळे आणि कार्यालयांतील शिबिरे यांच्यावर आली, आणि गणेशोत्सव मंडळाच्या मांडवातील रक्तदान शिबिर हे अशा प्रकारे गावकीच्या खोलीचे काम करू लागले.

कायद्याने आणि योजनांनी मात्र आपली नजर बरीचशी खाटेवरच ठेवली. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि तितक्याच दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात ही तरतूद आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जीवनदायी योजना शस्त्रक्रिया व उपचारांचा खर्च उचलते. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाबरोबर एका सोबत्यालाही भाड्यात सवलत देते, आणि सरकारी कागदांत सोबत्याचे अस्तित्व ज्या मोजक्या ठिकाणी मान्य झाले आहे त्यांपैकी हे एक. गाडीतून उतरल्यानंतरची पहिली रात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. धर्मशाळेत नाव लागेपर्यंतचे दिवस परळच्या त्या दोन रस्त्यांवरच काढावे लागतात. आधीपासून तिथे असलेले कुटुंब नव्याने आलेल्यांना केस पेपर कोणत्या खिडकीवर निघतो, समाजसेवा विभागात किती वाजता जावे, पाणी कुठले प्यावे आणि मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता लगेच वर न्यावे, हे सांगते, आणि आपली ताडपत्री थोडी सरकवून जागा करते.